पनवेलचा पाऊस कोडमधून विचारायचा कसा? वेब एपीआय आणि क्लायंट लायब्ररी, पायरी-पायरीने

फोनमधलं हवामानाचं ॲप उघडलं की 'पनवेल, आज १२ मिमी' असं काहीतरी दिसतं. हा आकडा ॲप स्वतः काढत नाही. ते कुठल्यातरी सर्व्हरला प्रश्न विचारतं, उत्तर घेतं आणि ढगाचं चित्र लावून तुम्हाला दाखवतं. तोच प्रश्न तुम्ही स्वतः विचारू शकता, तेही फोनवरून, फुकटात, पंधरा-वीस ओळींच्या पायथन कोडमध्ये.

या लेखात आपण तेच करणार आहोत. उदाहरणाला घेतलंय पनवेल, कारण मी इथे राहते आणि जुलै महिन्यात इथे प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: 'उद्या किती पडणार?' एपीआय आहे ओपन-मीटिओ आणि लायब्ररी आहे तिचीच अधिकृत पायथन लायब्ररी. उत्तर मिळवणं सोपं आहे. ते उत्तर नेमकं कशाचं आहे हे समजणं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावर आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

*वेब एपीआय:* तहसील कार्यालयातली खिडकी डोळ्यांसमोर आणा. आत कुठल्या कपाटात कुठली फाइल आहे, हे तुम्हाला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. ठरलेला अर्ज ठरलेल्या रकान्यांसह भरून दिला की ठरलेल्या स्वरूपात दाखला मिळतो. रकाना चुकला तर अर्ज परत. वेब एपीआय ही सर्व्हरची अशीच खिडकी आहे. अर्ज म्हणजे रिक्वेस्ट, रकाने म्हणजे पॅरामीटर, दाखला म्हणजे रिस्पॉन्स.

*क्लायंट लायब्ररी:* हा झाला सेतू केंद्रातला माणूस. अर्जाचा नमुना कुठला, कुठे काय लिहायचं, गर्दी असेल तर परत कधी जायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. तुम्ही फक्त नाव-गाव सांगता, बाकी तो भरतो. क्लायंट लायब्ररी म्हणजे एखाद्या एपीआयशी बोलण्यासाठी आधीच कोणीतरी लिहून ठेवलेला कोड. यूआरएल जोडणं, इंटरनेटवरून उत्तर आणणं, ते उलगडून पायथनच्या आकड्यांत बदलणं, ही कामं ती करते.

लायब्ररीशिवायही काम होतं. पायथनची 'रिक्वेस्ट्स' ही साधी लायब्ररी कुठल्याही यूआरएलवरून उत्तर आणून देते. एकदाच, एकच आकडा हवा असेल तर तेवढं पुरतं. पण रोज विचारायचं असेल, अनेक गावांसाठी विचारायचं असेल, वर्षांचा डेटा हवा असेल, तर क्लायंट लायब्ररी बराच त्रास वाचवते.

ओपन-मीटिओच का?

कारण सुरुवात करायला काहीच लागत नाही. खातं नको, ओटीपी नको, एपीआय की नको. वैयक्तिक आणि अव्यावसायिक वापरासाठी ती फुकट आहे. मर्यादा दिवसाला १०,००० रिक्वेस्टची आहे. कॉलेज प्रोजेक्टसाठी हे भरपूर झालं. डेटा 'क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.०' परवान्याखाली मिळतो. म्हणजे वापरा, पण डेटा कुठून घेतला त्याचा उल्लेख करा. पैसे कमावणाऱ्या ॲपमध्ये वापरायची असेल तर मात्र पैसे भरून की घ्यावी लागते.

काय काय लागेल?

फोन, ब्राउझर आणि गूगल खातं. लॅपटॉप असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. गूगल कोलॅब ही साइट मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि कोड गूगलच्या कॉम्प्युटरवर चालतो. फोनमध्ये काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. कोड मी इथे शब्दांत समजावणार आहे. टाइप करायचा तयार कोड ओपन-मीटिओच्या डॉक्युमेंटेशन पानावरच मिळतो. त्या पानावर तुम्ही हव्या त्या गोष्टींवर टिक करत गेलात की खाली यूआरएल तयार होते, आणि 'पायथन' टॅबवर त्याच निवडीचा पूर्ण कोडही तयार होतो. तो कॉपी करायचा. पण त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच एररला गाडी थांबते.

पायरी १: जागा ठरवा

एपीआयला 'पनवेल' हे नाव कळत नाही, तिला अक्षांश-रेखांश लागतात. गूगल मॅप्सवर हवी ती जागा बोटाने दाबून धरा, पिन पडते आणि आकडे दिसतात. पनवेल शहरासाठी साधारण १८.९९ उत्तर आणि ७३.११ पूर्व. दशांशानंतर दोनच अंक पुरेत. अक्षांशातला ०.०१ चा फरक म्हणजे जमिनीवर एक किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर, आणि हवामानाचं मॉडेल त्याहून खूप ठोकळ असतं.

मराठी कीबोर्डवाल्यांनी इथे लक्ष द्या. कोडमध्ये अंक इंग्रजीच टाका. देवनागरी १८ थेट कोडमध्ये लिहिलं तर पायथन सिंटॅक्स एरर देतो. गंमत म्हणजे तेच १८ अवतरणचिन्हांत देऊन 'इंट'कडे सोपवलं तर पायथन त्याचा बरोबर अठरा हा आकडा करतो. त्यामुळे वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये देवनागरी अंक भरले तर ते 'इंट' किंवा 'फ्लोट'मधून काढूनच पुढे पाठवा.

पायरी २: आधी ब्राउझरमध्ये विचारून बघा

कोड लिहायच्या आधी डॉक्युमेंटेशन पानावर तयार झालेली यूआरएल कॉपी करून नव्या टॅबमध्ये उघडा. समोर कंसांनी भरलेला मजकूर येईल. हा जेसन. त्यात अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, वेळांची यादी आणि पावसाच्या आकड्यांची यादी असते. वेळांच्या यादीतला पाचवा आणि पावसाच्या यादीतला पाचवा आकडा एकमेकांचे जोडीदार.

ही पायरी टाळू नका. पुढे कोड चालला नाही तर दोष अर्जात आहे की सेतूवाल्यात, म्हणजे यूआरएलमध्ये आहे की लायब्ररीच्या वापरात, हे यावरूनच कळतं.

पायरी ३: लायब्ररी बसवा

कोलॅबच्या पहिल्या सेलमध्ये उद्गारचिन्ह देऊन पिप इन्स्टॉलची ओळ लिहायची. एकूण तीन लायब्ररी लागतात:

- ओपनमीटिओ-रिक्वेस्ट्स: मुख्य क्लायंट लायब्ररी.
- रिक्वेस्ट्स-कॅशे: एकदा आलेलं उत्तर साठवून ठेवणारी.
- रीट्राय-रिक्वेस्ट्स: नेटवर्क गडबडलं तर पुन्हा प्रयत्न करणारी.

शिवाय तक्ता करण्यासाठी पांडाज. ती कोलॅबमध्ये आधीच असते.

बऱ्याच जणांचं इथे अडतं: इन्स्टॉल करताना नावात मधली रेघ म्हणजे हायफन असतो, पण इम्पोर्ट करताना त्याच जागी अंडरस्कोअर लागतो. पायथनमध्ये हायफन म्हणजे वजाबाकी, म्हणून तो नावात चालत नाही.

पायरी ४: क्लायंट तयार करा

इथे तीन गोष्टी एकात एक बसतात. आधी कॅशेवालं सेशन, मुदत ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास. त्यावर रीट्रायचं आवरण, पाच प्रयत्न आणि ०.२ चा बॅकऑफ. ते सगळं क्लायंटच्या हातात द्यायचं.

कॅशेचा अर्थ असा की तुम्ही दहा मिनिटांत तोच सेल वीस वेळा चालवलात तरी सर्व्हरकडे एकदाच विचारणा जाते. बॅकऑफचा अर्थ असा की दर अपयशानंतर थांबायचा वेळ वाढत जातो. आपल्यासारखे हजारो जण एकाच वेळी दार ठोठावत राहिले तर अडखळलेला सर्व्हर कधीच उभा राहणार नाही, म्हणून ही सभ्यता.

पायरी ५: रकाने भरा

पॅरामीटर म्हणजे पायथनची एक डिक्शनरी. आपल्याला हवेत:

- लॅटिट्यूड आणि लाँगिट्यूड: १८.९९ आणि ७३.११
- अवरली, म्हणजे तासागणिक: 'प्रेसिपिटेशन'
- पास्ट डेज: २
- फोरकास्ट डेज: ३ (काही दिलं नाही तर ७, जास्तीत जास्त १६)

'रेन' ऐवजी 'प्रेसिपिटेशन' का? कारण या एपीआयमध्ये 'रेन' म्हणजे मोठ्या हवामान प्रणालीतून पडणारा पाऊस. उंच ढगांतून कोसळणाऱ्या सरींना 'शॉवर्स' हा वेगळा रकाना आहे. 'प्रेसिपिटेशन'मध्ये दोन्हींची बेरीज असते, आणि बर्फही, ज्याची पनवेलला काळजी नाही. नावावरून अंदाज बांधून 'रेन' मागितलं तर सरींचा पाऊस हिशेबातून गळू शकतो. एपीआय वापरताना रकान्याच्या नावापेक्षा त्याची व्याख्या वाचायची, ती याचसाठी.

पायरी ६: विचारा आणि उत्तर उलगडा

क्लायंटच्या 'वेदर एपीआय' या फंक्शनला यूआरएल आणि पॅरामीटर द्या. परत येते एक यादी, कारण एकाच वेळी अनेक जागा विचारता येतात. आपण एकच विचारली, म्हणून यादीतला शून्याव्या क्रमांकाचा घटक घ्यायचा.

त्यातून 'अवरली', त्यातून 'व्हेरिएबल्स' क्रमांक शून्य, आणि त्यातून 'व्हॅल्यूज ॲज नमपाय' असं एकेक पायरी खाली उतरलं की पावसाच्या आकड्यांची रांग हाती येते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, क्रम. ब्राउझरमधल्या जेसनमध्ये प्रत्येक यादीला नाव होतं. ही लायब्ररी मात्र वेगासाठी फ्लॅटबफर्स हे बायनरी स्वरूप वापरते आणि तयार कोडमध्ये रकाने क्रमांकाने काढले जातात. तुम्ही आधी तापमान आणि मग पाऊस मागितला असेल तर शून्य म्हणजे तापमान, एक म्हणजे पाऊस. नंतर कोणी मागणीचा क्रम बदलला आणि खालचे क्रमांक तसेच ठेवले, तर एररही येत नाही. ॲप निवांतपणे सांगतं, 'आज २७ मिमी पाऊस', आणि ते असतं २७ अंश तापमान. असे शांतपणे चुकणारे कोड सगळ्यात वाईट.

दुसरी, रिकामे आकडे. एखाद्या तासाची माहिती नसेल तर तिथे 'नॅन' येतं, म्हणजे 'आकडा नाही'. बेरजेत एक जरी नॅन असलं तरी नेहमीच्या बेरजेचं उत्तर नॅनच येतं. मग काही जण नॅन वगळून बेरीज करणारं फंक्शन लावून मोकळे होतात. ते नॅनला शून्य धरतं. माहिती नसणं आणि पाऊस नसणं यात फरक आहे. किती तास रिकामे होते ते आधी मोजा, मग ठरवा.

पावसाचा दिवस कधी सुरू होतो?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण पावसाच्या आकड्यांतला निम्मा गोंधळ इथून सुरू होतो.

भारतीय हवामान विभाग, म्हणजे आयएमडी, २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतो, आणि तो संपण्याच्या तारखेला नोंदवतो. आपलं घड्याळ मध्यरात्री बारा ते बारा चालतं. आणि एपीआयला टाइमझोन सांगितला नाही तर ती ग्रीनिचची वेळ धरते. ग्रीनिचची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

उदाहरण घेऊ. समजा १४ जुलैच्या रात्री दहापासून १५ जुलैच्या पहाटे पाचपर्यंत पनवेलला ९० मिमी पाऊस पडला. त्यातला ३५ मिमी बाराच्या आत, ५५ मिमी बारानंतर.

- आपल्या घड्याळाने: १४ तारखेला ३५, १५ तारखेला ५५.
- ग्रीनिचच्या दिवसाने: पूर्ण ९० मिमी १४ तारखेला.
- आयएमडीच्या पद्धतीने: पूर्ण ९० मिमी, नोंद १५ तारखेला.

पाऊस एकच, उत्तरं तीन. आता आयएमडीच्या वर्गवारीकडे बघा: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. आपल्या घड्याळाने मोजलं तर दोन्हींपैकी एकही दिवस मुसळधार ठरत नाही. आयएमडीच्या दिवसाने मोजलं तर ठरतो. म्हणजे वर्गवारी आयएमडीची आणि दिवस आपल्या घड्याळाचा, असं मिश्रण केलं की ॲप रात्रीचा मोठा पाऊस दोन तुकड्यांत कापून 'काही विशेष नाही' असं सांगू शकतं.

यावर उपाय सोपा आहे, आणि त्यासाठी टाइमझोनचा रकाना रिकामाच ठेवायचा. भारताची वेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सकाळचे साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे बरोबर तीन. तासांच्या आकड्यांशी ते नेमकं जुळतं, अर्ध्या तासाची भानगड उरत नाही. आता एवढंच लक्षात ठेवा की या एपीआयमध्ये प्रत्येक तासापुढचा पाऊस त्याच्या मागच्या तासाचा असतो. ४ वाजतापुढचा आकडा म्हणजे ३ ते ४ मधला पाऊस. म्हणून काल ग्रीनिच ४ पासून आज ग्रीनिच ३ पर्यंतचे चोवीस आकडे घ्या आणि बेरीज करा. ही झाली आयएमडीच्या दिवसाची बेरीज. वर दिलेले मागचे दोन दिवस यासाठीच मागितले होते.

चौकोनाचा आकडा आणि आपल्या छत्रीवरचा पाऊस

उत्तरातले अक्षांश-रेखांश छापून बघा. तुम्ही दिलेल्या आकड्यांपेक्षा ते थोडे वेगळे दिसतील. एपीआय तुमच्या गच्चीचा पाऊस सांगत नाही. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि तुमची जागा ज्या चौकोनात येते त्याचा आकडा देतं. पास्ट डेजमधून आलेला कालचा पाऊसही मॉडेलचाच हिशेब आहे. कोणी पर्जन्यमापक बघून भरलेला तो आकडा नाही.

पनवेलच्या बाबतीत हे फार जाणवतं. पश्चिमेला खाडी, पूर्वेला माथेरानचा डोंगर. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, आणि पनवेलपासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत. डोंगराला अडून ढग जेवढा ओततात तेवढा खाली सपाटीवर पडत नाही. पण गाढी नदी त्याच डोंगरांतून पनवेलकडे उतरते. म्हणजे शहरात रिमझिम असतानाही नदीला पाणी वरच्या पावसाचं येतं. त्यामुळे पनवेलची काळजी करायची तर फक्त शहराचा बिंदू विचारून भागत नाही, डोंगराकडचाही विचारा. यादीत दोन जागा देता येतात, ही सोय इथे कामाला येते.

चौकोनाची मर्यादा समजायला २६ जुलै २००५ सारखं दुसरं उदाहरण नाही. त्या वेळी २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला सुमारे ७३ मिमी. दोन्ही वेधशाळांत अंतर पंचवीसेक किलोमीटर. एका ठिकाणी महाप्रलय, दुसऱ्या ठिकाणी पावसाळ्यातला नेहमीचा दिवस.

ओपन-मीटिओची एक वेगळी ऐतिहासिक एपीआय आहे, तिच्यात १९४० पासूनचा डेटा मिळतो. तिथे तुम्ही २६ आणि २७ जुलै २००५ विचारू शकता. लायब्ररी तीच, फक्त यूआरएल बदलते आणि सुरुवातीची व शेवटची तारीख द्यावी लागते. पण त्यात ९४४ शोधू नका. या जुन्या डेटाचा पाया इआरए-५ हे युरोपियन केंद्राचं पुनर्विश्लेषण आहे आणि त्याचा एक चौकोन ०.२५ अंशांचा, म्हणजे आपल्या भागात एका बाजूला साधारण २६ ते २८ किलोमीटरचा. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यातलं सगळं अंतर एका चौकोनाच्या लांबीत मावतं. एवढ्या जागेची सरासरी काढली की टोकाचा आकडा विरघळतो. वर्षानुवर्षांचा कल बघायला, दोन पावसाळ्यांची तुलना करायला हा डेटा उत्तम. एका दिवशी एका गल्लीत किती पाणी पडलं हे सांगायला तो बनलेलाच नाही.

मग याचा उपयोग काय करायचा, काय नाही?

करायचा: प्रोजेक्ट, आलेख, 'उद्या रेनकोट घ्या' अशी स्वतःपुरती आठवण, मागच्या वीस जुलै महिन्यांची तुलना, शेतावर जाणाऱ्या काकांना ढोबळ अंदाज.

नाही करायचा: स्वतःच्या कोडवरून 'रेड अलर्ट' असा मेसेज तयार करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं. अलर्टचे रंग ही आयएमडीची अधिकृत सूचना आहे. त्यामागे फक्त आकडा नसतो, त्यामागे अंदाज देणाऱ्याचा निर्णय असतो आणि पुढे प्रशासनाची तयारी असते. तुमचा मेसेज खोटा ठरला तर पुढच्या वेळी खरा अलर्टही लोक गांभीर्याने घेत नाहीत.

आणि पनवेलकरांसाठी खास: आयएमडी इशारे जिल्ह्यानुसार देते. पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली सगळे रायगड जिल्ह्यात येतात. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहीत असलो तरी आपला इशारा रायगडच्या रांगेत बघायचा. मुंबईला यलो आणि रायगडला रेड असं होऊ शकतं. आयएमडीचं 'मौसम', विजेसाठी 'दामिनी' आणि आपत्ती इशाऱ्यांसाठी 'सचेत' ही ॲप फोनमध्ये असू द्या.

एरर आली तर

- *४००:* अर्ज चुकला. रकान्याचं नाव चुकीचं किंवा तारीख मर्यादेबाहेर. उत्तरात 'रीझन' या नावाखाली कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. पुन्हा पुन्हा पाठवून फायदा नाही, चुकलेला अर्ज शंभराव्या वेळीही चुकलेलाच.
- *४०४:* पत्ता चुकला. यूआरएल तपासा.
- *४२९:* फार घाईने विचारताय. थांबा. दिवसाच्या मर्यादेसोबत मिनिटाला ६०० आणि तासाला ५,००० अशीही मर्यादा आहे. 
- *५०० आणि पुढचे:* दोष त्यांच्याकडे. रीट्राय याचसाठी लावलाय.
- *मॉड्यूल सापडत नाही:* कोलॅब बंद करून पुन्हा उघडलं की बसवलेल्या लायब्ररी जातात. इन्स्टॉलचा सेल परत चालवा.
- *आकडे जुनेच येतात:* बहुधा कॅशे. तासाभराने बदलतील. ऐतिहासिक डेटासाठी मात्र कॅशेला मुदतच ठेवू नका, २००५ चा पाऊस आता बदलणार नाही.

दुसरी एपीआय, दुसरी लायब्ररी

नकाशे, भाषांतर, एआय, पेमेंट: पद्धत सगळीकडे हीच. क्लायंट तयार करा, पॅरामीटर द्या, उत्तर उलगडा. फरक मुख्यतः चार ठिकाणी पडतो.

*की:* बहुतेक ठिकाणी एपीआय की लागते. ती एटीएमच्या पिनसारखी सांभाळा. कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका. सार्वजनिक कोडमधल्या की शोधत फिरणारे बॉट असतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. कोलॅबमध्ये डाव्या बाजूला 'सिक्रेट्स' हा भाग आहे, की तिथे ठेवा.

*अधिकृत की नाही:* लायब्ररीचं नाव एपीआयच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून घ्या. सर्चमध्ये पहिलं दिसलं ते पिपला देऊ नका. एखादं अक्षर इकडेतिकडे केलेल्या नावाने घातक पॅकेज ठेवण्याचे प्रकार घडतात.

*जिवंत आहे की नाही:* शेवटची आवृत्ती कधी आली, लोकांच्या तक्रारींना उत्तरं मिळतात का, ते बघा. एपीआय पुढे गेली आणि लायब्ररी मागे राहिली तर तुमचा कोड मधेच लटकतो.

*आवृत्ती:* आज चालणारा कोड सहा महिन्यांनी चालायला हवा असेल तर लायब्ररीची आवृत्ती लिहून ठेवा आणि तीच बसवा.

थोडक्यात

१. आधी ब्राउझरमध्ये यूआरएल तपासा, मग कोड.
२. रकान्याची व्याख्या वाचा. 'रेन' आणि 'प्रेसिपिटेशन' एक नाहीत.
३. मागितलेला क्रम आणि काढलेला क्रमांक जुळवा.
४. कॅशे आणि रीट्राय लावूनच विचारा.
५. बेरीज करण्याआधी दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ठरवा.
६. आकडा कोणत्या चौकोनाचा आहे ते उत्तरासोबत लिहा.

सरावासाठी हे करून बघा: पनवेल आणि माथेरान अशा दोन जागा एकाच रिक्वेस्टमध्ये द्या, मागच्या दोन दिवसांची आयएमडी पद्धतीने बेरीज काढा, आणि ती आयएमडीने जाहीर केलेल्या आकड्यांच्या शेजारी ठेवा. फरक किती आणि कुठल्या दिशेने आहे ते पंधरा दिवस वहीत लिहा. हवामानाचं कुठलंही ॲप किती मनावर घ्यायचं, ते त्या वहीतून तुम्हाला कळेल.